पाठीला दोन आरसे

दिवाळीच्या अंकासाठी काही लिहा, असं मला सांगणं आलं तेव्हा आमच्या घरात हसाहस झाली. सून म्हणाली, "मामाजी, तुमी लिहान तरी काय? लोकाइच्या आंघोळीचं?" मी म्हटलं, हो बाई, त्याचंच लिहिणार. आंघोळ रोजचीच, म्हणून तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही, आणि बहुतेक पुरुषांना ती करताही येत नाही. हे मी हवेत बोलत नाही. उमेदीची सगळी वर्षं मी आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावात लोकांना आंघोळी घातल्या आहेत.

मी न्हावी. वडील खेड्यात बलुत्यावर दाढ्या करत. मी मात्र वाशीम रस्त्यावर, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून, टिनाची एक पडवी उभारली आणि न्हाणी काढली. हे दुसऱ्या लढाईच्या आधीचं सांगतोय. तेव्हा जऊळक्याच्या स्टेशनाकडे कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागे. पडवीत बसायला दगडी शिळा, एका बाजूला भट्टीवर तांब्याचा भला मोठा हंडा, खाली पऱ्हाटीचा जाळ. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतं ते वाळलेलं झाड. ती भडकन पेटते आणि लवकर विझते, त्यामुळे भट्टीजवळून हलायची सोय नसे. त्या धुराचा एक गोडसर वास पाण्याला लागायचा. आज घरात नळ आहे, बटण दाबलं की पाणी तापतं, पण तो वास काही येत नाही. कधीकधी त्याच्या आठवणीने जीव कासावीस होतो.

पाणी आणायचे रहीमचाचा. त्यांच्या हल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर चामड्याची पखाल असे. विहिरीवरून भरून आणायची आणि हंड्यात रिकामी करायची, हे दिवसभर चाले. पखालीचं पाणी अंगावर नको म्हणणारी सोवळी माणसं आपली घागर स्वतः भरून आणत. बाकीचे कापसाच्या धुळीने इतके हैराण झालेले असत, की पाणी कुठून आलं हे विचारायचं भान त्यांना नसे. चाचा माझ्याहून वयाने मोठे, बोलायला कमी आणि पाहायला पक्के. न्हाणी माझ्या नावावर होती, पण तिचे डोळे चाचा होते.

जिनिंगमधला माणूस संध्याकाळी बाहेर यायचा तेव्हा भुवयांपासून पोटऱ्यांपर्यंत पांढरा झालेला असे. रुईचा भुगा घामात बसतो आणि अंगाची आग करतो. असा माणूस शिळेवर बसला की डोक्यावर दोन तांबे भसाभस ओतून घ्यायचा, देवाचं नाव घ्यायचा आणि उठायला लागायचा. मी त्याला खांद्याला धरून खाली बसवायचो. पुरुषाची आंघोळ म्हणजे लोकांना जेवढं दिसतं तेवढंच धुणं. तोंड लखलखीत, आणि कानामागे हरभरा पेरावा अशी जमीन. काखा, जांघा, पायाच्या बोटांमधल्या फटी हा मुलूख त्याच्या गावीही नसतो, आणि खरूज, नायटा, घामोळं ही सगळी मंडळी राहायला येतात ती तिथेच.

आमची पद्धत साधी होती. आधी कोमट पाणी, मग डाळीचं पीठ नाहीतर साबण, टाचांना वज्री, आणि खरूज असेल त्याला कडुलिंबाचा पाला उकळलेलं पाणी. फार कढत पाणी मी कोणाला घेऊ द्यायचो नाही. कढत पाण्याने खाज तेवढ्यापुरती थांबते आणि मग दुपटीने येते. पण खरं कसब पाणी घालण्यात नव्हतं, पाणी काढण्यात होतं. आंघोळ झाली की माणूस ओल्या अंगावरच बंडी चढवतो आणि निघतो. मी पंचा हातात देऊन उभा राहायचो. बोटांच्या फटी कोरड्या झाल्याशिवाय पायताण घालू देत नसे. पंचा ज्याचा त्याने आणायचा, दुसऱ्याचा वापरायचा नाही, ह्यापायी मी अनेक गिऱ्हाइकं घालवली. लोक म्हणत, गनपतच्या न्हाणीत सासुरवास आहे.

तऱ्हेवाईक माणसं तर किती आली. नाक्यावरचा एक जमादार रोज उलट्या हाताने दाढी करायला सांगायचा. उलटा हात म्हणजे केसांच्या उगवतीविरुद्ध वस्तरा चालवणं. गाल तुकतुकीत होतो, पण केस कातडीतच वळतो आणि फोड येतात. त्याची मान फोडांनी भरली तेव्हा त्याने दोष माझ्या वस्तऱ्याला दिला. मी वस्तरा उकळत्या पाण्यातून काढत असे, दाढीनंतर तुरटी फिरवत असे, पण त्याला ते कोण सांगणार? शेवटी त्याने चिडून दाढीच राखली आणि फोड आपोआप गेले. त्याचं श्रेय त्याने कुठल्याशा नवसाला दिलं आणि मला नारळाचं खोबरं आणून दिलं. मी ते खाल्लं.

दुसरा एक जिनिंगमधला कापूस तोलणारा. गोरं होण्यासाठी तो टाचा घासायची वज्री गालांवर घासायचा. गाल सोलून निघाले तरी ऐकेना. रंग म्हणजे मळ नव्हे हे मी त्याला नाना परींनी सांगून पाहिलं. चाचा एकदा पखाल रिकामी करता करता म्हणाले, "भाऊ, माह्या हल्याले मी रोज घासतो. अजून तरी त्याची गाय नाई झाली." त्या दिवसापासून वज्री परत टाचेवर गेली.

पण मला लिहायचं आहे ते मेडशीच्या महादेवबद्दल.

महादेव हा मेडशीच्या एका चांगल्या शेतकऱ्याचा मुलगा. कापसाच्या गाड्या घेऊन यायचा, उंच, अंगाने भरलेला, बोलायला लाघवी. पहिल्यांदा न्हाणीत आला तेव्हा बंडी अंगात ठेवूनच शिळेवर बसला. मला वाटलं लाजतोय. पुढच्या खेपेलाही तेच. बंडीवरून पाणी घ्यायचं, ओली बंडी तशीच ठेवून वरून कोरडं उपरणं गुंडाळायचं आणि गाडीवर चढायचं. चाचा मला भट्टीजवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "गनपतभाई, हा पोरगा काही लपवून राह्यला. गर्दी ओसरू दे, मंग विचार."

गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, "महादेवा, बंडी काहून काढत नाही रे?"

त्याने बंडीची कड मुठीत धरली. मग म्हणाला, "दादा, मले कोड निंगाला हाये."

त्याच्या बाबतीत झालं होतं असं. रिसोडकडची एक सोयरीक जुळत आली होती. नदीवर पोहताना कोणी तरी त्याच्या पाठीवरचे पांढुरके डाग पाहिले, बातमी तिकडे गेली आणि सोयरीक मोडली. तेव्हापासून तो अंग उघडं करत नव्हता. घरातही बंडी, शेतातही बंडी, झोपतानाही बंडी. डाग काळे व्हावेत म्हणून रोज तेल चोपडायचा आणि वरून पुन्हा बंडी.

मी बंडी काढायला लावली. पाठभर, खांद्यावर, छातीवर फिकट डाग होते. एका डागावर मी नखाने हलकेच खरवडलं. बारीक पीठ निघालं. मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ हसलोच. कोडाचं पीठ निघत नाही. हे शिबं होतं. घामाच्या, तेलकट अंगावर, ओल्या कापडाखाली ते वाढतं. पोरगा डाग लपवायला जे जे करत होता, त्याच्यावरच डाग पोसले जात होते.

"तू त्याले रोज जेऊ घालून राह्यला," मी म्हटलं. "आता उपाशी ठेव."

तेल बंद. बंड्या सोड्याच्या पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवायच्या. गंधक वाटून लिंबाच्या रसात कालवायचा, डागांवर लावायचा, वाळला की धुवायचं आणि अंग पुसून कोरडं करायचं. घरी आल्यावर उघड्या अंगाने बसायचं. ही शेवटची गोष्ट त्याला सगळ्यात जड गेली. शिबं मरतं लवकर, पण पांढरेपण मागे राहतं. ऊन लागून लागून कातडीचा रंग एक होईपर्यंत धीर धरावा लागतो. मी त्याला हे सांगितलं होतं. पण धीर धरायला त्याच्याकडे वेळ नव्हता, कारण तेवढ्यात जऊळक्याची सोयरीक आली.

मुलगी किसनराव पाटलांची. स्टेशनावर गाड्या खाली करताना महादेवने तिला पाण्याला जाताना पाहिलं होतं आणि तिचं नाव काढलं की त्याचे कान लाल व्हायचे. मला म्हणाला, "दादा, हेबी मोडली तं मी पुन्हा कोनाच्या दारात उभा राहनार नाई." तो तसा हट्टी होता. मला भीती वाटली.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. मुलाची चौकशी करायची, तर शेतीवाडी तलाठ्याकडे, स्वभाव शेजाऱ्याकडे, आणि अंग न्हाव्याकडे. माणसाचं उघडं अंग आई आणि न्हावी यांनीच पाहिलेलं, आणि आई काय खरं सांगणार? दुसरी रीत आमच्या धंद्याची. वडिलांनी मला वस्तरा हातात देताना सांगितलं होतं, अंगावरचं पाहायचं, पण तोंडाने बोलायचं नाही. ह्याचा नायटा त्याला सांगणारा न्हावी गावात टिकत नाही. ह्या दोन्ही रीती एकाच माणसावर येऊन पडल्या तर त्याने करायचं काय, हे मात्र वडिलांनी सांगितलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी किसनराव आले. पांढरा फेटा, जाड मिशा, हातात सुपारी. दाढी करायची नव्हती. सुपारी कातरून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "गनपत, मेडशीचा तो पोरगा तुह्या न्हाणीत येते म्हनतात. मले लोकाइनं कोडाचं सांगतलं. तू इतकंच सांग, त्याच्या अंगावर काही हाये का नाई?"

काही नाही म्हणावं तर डाग दिसत होते, लग्नात उघडे पडलेच असते. आहे म्हणावं तर पुढचं कोणी ऐकून घेत नाही. डाग म्हटलं की लोक कोड ऐकतात. आणि गप्प बसावं तर तेही उत्तरच झालं. किसनराव माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"समजलो," असं म्हणून ते उठले.

इतक्यात भट्टीजवळून चाचांचा आवाज आला, "पाटील, पानी मस्त तपलं हाये. धुळीतून आले, न्हाऊन तं जा."

मी चाचांकडे पाहिलं. ते पऱ्हाटी सारत होते, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. किसनराव जरा थांबले. सकाळपासून बाजारात फिरून अंग चिकट झालंच होतं. फेटा उतरवला, बंडी काढली आणि शिळेवर बसले. मी पीठ घेऊन पाठ चोळायला लागलो आणि माझा हात थांबला. खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मधे, कमरेपर्यंत, शिबं पसरलं होतं. महादेवच्यापेक्षा मोठं आणि जुनं. बाजाराला आले की पाटील कधी विहिरीवरच अंग धुवत; तिथे पखाल भरताना चाचांनी ते पाहिलं असणार.

मी पाटलांना न्हाऊ घातलं, पुसून कोरडं केलं. मग दाढीचे दोन आरसे आणले. मानेवरचे केस बरोबर उतरले की नाही हे गिऱ्हाइकाला दाखवायला आम्ही एक आरसा पुढे आणि एक मागे धरतो. मागचा आरसा मी खाली, पाठीपर्यंत नेला.

किसनराव बघत राहिले. एवढा मोठा माणूस, पण आवाज बारीक झाला. "हे काय हाये? मले कोड हाये?"

मी नखाने खरवडलं आणि निघालेलं पीठ त्यांच्या तळहातावर ठेवलं. "शिबं हाये पाटील. घामाचं. गंधकानं जाते. कोडाचं असं पीठ निंगत नाई."

"कवापासून हाये?"

"जुनं दिसते. घरी विचारा."

पुढे त्यांनी विचारलंही. बायकोला कितीतरी वर्षं माहीत होतं. ती म्हणाली, तुमी घाबरान म्हनून नाई सांगतलं. पण हे नंतरचं. त्या वेळी पाटील तळहातावरचं पीठ बोटाने चोळत बसले होते. मग त्यांनी मान वर केली. "गनपत, त्या पोराच्या अंगावरबी हेच हाये काय?"

मी म्हटलं, "पाटील, उद्या कोनी मले तुमच्या पाठीचं विचारलं तं मी काय सांगू?"

भट्टीत पऱ्हाटी तडतडत होती. पाटील मिशीतल्या मिशीत हसले. "काही नोको सांगू."

"मंग त्याच्याबद्दलबी तेवढंच."

सोयरीक ठरली. पण माझ्या जिवाची घालमेल संपली नाही, कारण पाटलांना कळलं म्हणजे गोताला कळलं असं होत नाही. लग्न उन्हाळ्यात, जऊळक्याला. नवरदेवाला हळदीचं न्हाऊ घालायचा हक्क मेडशीच्या न्हाव्याचा, पण महादेव हट्टाला पेटला की दादाच घालतील. मी त्या न्हाव्याचा मान त्याच्या पदरात घातला, त्याची परवानगी घेतली आणि गेलो. चाचाही आले. हल्याच्या शिंगांना त्यांनी हिरवा रंग लावला होता.

जानवसघराच्या अंगणात पाट मांडला. बाया हळदीची गाणी म्हणत होत्या. उष्टी हळद न्यायला नवरीकडची मंडळी आली होती, त्यांच्यात किसनरावही होते. महादेव पाटावर बसला आणि बंडीच्या बिरड्यावर हात ठेवून तसाच राहिला. माझ्याकडे पाहिलं. डाग पुष्कळ भरून आले होते, पण पाठीवर अजून फिकट नकाशा होता. मी म्हटलं, "काढ बाप्पा. कोरडं अंग लपवाचं नसते."

त्याने बंडी काढली. नवरीकडच्या एका पाहुण्याने मान पुढे केली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "हे काय? कोड हाये काय पोराले?"

गाणं थांबलं. महादेवची मान खाली गेली. बोलावं तर मी कोण? पैपाहुण्यांच्या बैठकीत न्हाव्याचा शब्द कोण धरतो?

किसनराव पुढे आले. फेटा काढून त्यांनी चाचांच्या हातात दिला. मग सगळ्या गोतापुढे आपली बंडी काढली आणि पाहुण्याकडे पाठ करून उभे राहिले.

"कोड नाई, शिबं हाये," ते म्हणाले. "कसं असते ते पाहाचं असन तं हे घे, चांगलं मोठं हाये. मले हे असताना तू माह्या पंगतीले जेवत होता." मग पाट नव्हता म्हणून जमिनीवरच महादेवच्या शेजारी बसले. "गनपत, माह्याबी पाठीवर घाल पानी."

मग कोपऱ्यातून त्यांची म्हातारी आत्या म्हणाली, "किसना, नवरदेव कोनचा हाये रे यातला?" आणि बाया हसल्या, पुरुष हसले, तो पाहुणाही हसला. गाणं पुन्हा सुरू झालं. मी जावयाच्या पाठीवर एक तांब्या आणि सासऱ्याच्या पाठीवर एक तांब्या असं घालत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं. हळद झोंबली असं मी सांगितलं.

पुढे जिनिंग बंद पडलं, घरोघर मोऱ्या झाल्या, मग नळ आले. चाचा गेले तेव्हा पखाल वाळून कडक झाली होती. आता प्रत्येक जण आतून कडी लावून एकटा आंघोळ करतो. स्वच्छ झाले आहेत लोक, नाही म्हणत नाही. सुवासिक साबण आहेत, नातू तर तोंडाला वेगळा आणि अंगाला वेगळा वापरतो. पण पाठ कोणाची कोण पाहतो? मला ह्याचं वाईट वाटतं. कोणाला सांगितलं तर हसतात, म्हणून इथे लिहिलं.

महादेव आता स्वतः आजोबा आहे. दर दिवाळीला मेडशीहून पहिल्या एस.टी.ने येतो आणि मला उटणं लावून न्हाऊ घालतो. माझा हात आता पाठीपर्यंत पोहोचत नाही. गेल्या दिवाळीत तो पाठ चोळत होता आणि मधेच त्याचा हात थांबला. तो थांबणं मी ओळखलं. आयुष्यभर माझाच हात तसा थांबत आला होता.

"काहून रे, काही दिसते काय पाठीवर?" मी विचारलं.

माझ्या पाठीवर त्याचं नख हलकेच फिरलं. मग त्याने कोमट पाण्याचा तांब्या ओतला, पंचा घेतला आणि खांद्यापासून कमरेपर्यंत पुसायला लागला.

"दादा, पाठीचं कोनाले सांगाचं नसते, तुमचीच रीत हाये," तो म्हणाला. "बंडी घालू नोका इतक्यात. जरा उनात बसा, मी गंधक वाटतो."